परिचर्येची पदवी आणि परदेशाचे दार

(टोकावडे, ता. मुरबाड, जि. ठाणे येथे विद्यार्थिनी आणि पालक यांच्यासमोर एका निवृत्त अधिसेविकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



कल्याणहून मुरबाड ओलांडून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या टोकावड्याला परिचारिकेचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. येथील ग्रामीण रुग्णालयात जे होण्यासारखे असते ते होते. जे होत नाही, त्यासाठी रुग्णाला गाडीत घालून उल्हासनगर किंवा ठाणे गाठावे लागते. अशा रात्री रुग्णाच्या उशाशी कोण उभे होते, हे ज्याने पाहिले आहे, तो परिचारिकेला हलके मानणार नाही.

आज माझ्यापुढे बसलेल्या मुलींपैकी अनेक जणींना बारावीनंतर परिचर्येचे शिक्षण घ्यावयाचे आहे. त्यांच्या पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. शुल्क किती आणि वसतिगृह आहे काय? अलीकडे त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. "बाई, यातून परदेशात जाता येते ना?" पूर्वी हा प्रश्न मुंबई-ठाण्यात ऐकू येई, आता तो वैशाखरे-मोरोशीतही ऐकू येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचा समावेश होता आणि त्यापाठोपाठ जर्मन भाषेच्या वर्गांची योजना जाहीर झाली. तेव्हापासून घरोघरी या विषयाची चर्चा आहे.

प्रश्न विचारण्यात काहीच वावगे नाही. मात्र त्याला मिळणारी उत्तरे दोन टोकांची असतात. एक जण म्हणतो, "जा, तेथे लाखांनी पगार मिळतो." दुसरा म्हणतो, "मुलीच्या जातीने इतक्या दूर जायचे कशाला?" या दोन्ही उत्तरांत मुलीच्या शिक्षणाचा विचार नसतो. आमच्या परिचारिकांना परदेशात काम मिळविताना ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ तेथे नसून येथेच, प्रवेशअर्ज भरण्याच्या दिवशी रुजलेले असते, हे मला आज सांगावयाचे आहे. ते मूळ वेळीच ओळखले तर पुढचे पुष्कळ दुःख टळते.

तेथे आपली मुलगी कोण ठरते?

परिचारिकेला काम करण्याचा परवाना तिचा देश देतो आणि तो त्या देशाच्या सीमेपर्यंतच चालतो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदविलेली आपली मुलगी लंडनला उतरली, की तेथील कायद्याच्या दृष्टीने ती 'परदेशात शिकलेली परिचारिका' होते. येथे तिने दहा वर्षे शस्त्रक्रियागृहात काढली असतील, अतिदक्षता विभागाची रात्रपाळी एकटीने सांभाळली असेल. परंतु तेथील नोंदणी हाती येईपर्यंत तिला नोंदणीकृत परिचारिका म्हणून एक गोळीसुद्धा स्वतःच्या अधिकारात देता येत नाही. यात अपमान मानू नये. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्याला आपणही परीक्षा दिल्याशिवाय रुग्णाजवळ जाऊ देत नाही. रुग्णाच्या जिवाशी गाठ असलेल्या व्यवसायात हा कस लागलाच पाहिजे.

प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. ब्रिटनमध्ये आधी संगणकावर एक चाचणी होते, ती भारतात राहूनही देता येते. मग तेथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात दहा वेगवेगळ्या टप्प्यांवर परिचारिकेला काम करून दाखवावे लागते. अमेरिकेत 'एनक्लेक्स' ही परीक्षा आहे. तिच्यात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात. तुमचे उत्तर पाहून संगणक पुढचा प्रश्न ठरवितो. परंतु ती उत्तीर्ण होऊनही भागत नाही. तेथे स्थायिक होण्याच्या परवान्यासाठी प्रत्येक देशाच्या वाट्याला ठरावीक मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांहून अधिक लांबली आहे. जर्मनीत तुमचा अभ्यासक्रम आणि त्यांचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून ताडून पाहतात, उणिवांची यादी लेखी कळवितात आणि त्या पूरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढावयास सांगतात. आखाती देशांत प्रमाणपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते, त्यानंतर संगणकावरील परीक्षा असते आणि सामान्यतः दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. लग्न-बाळंतपणामुळे नोकरीत मोठा खंड पडला असेल, तर तो तेथे आडवा येतो.

अभ्यासक्रमाची निवड

आता मूळ कोठे रुजते ते पाहू. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम गावपातळीवरील आरोग्यसेवेसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविका याच शिक्षणातून घडतात आणि त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु या शिक्षणावर परदेशात नोंदणीकृत परिचारिका होता येत नाही. त्यासाठी तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग हाच मार्ग आहे. बी. एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. म्हणजे निर्णय बारावीनंतर घ्यायचा असला तरी त्याची दिशा दहावीनंतर शाखा निवडतानाच ठरलेली असते. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी मिळविता येते, ही वाटही ध्यानात असू द्या.

"सहा महिन्यांत नर्सिंग, परदेशात हमखास नोकरी" असे फलक तालुक्याच्या ठिकाणी दिसतात. सहा महिन्यांत रुग्णसाहाय्यक होता येते, परिचारिका होता येत नाही. अशा वर्गातून बाहेर पडलेल्या मुलीचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत येऊ शकत नाही. आणि जेथे आपल्याच राज्यात नोंदणी नाही, तेथे परक्या देशात ती कशी होणार? म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे पाहून घ्या. भारतीय परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. व्यवस्थेचे नाव कोणतेही असो, मान्यतेचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पहिला हप्ता भरू नका.

दुसरी गोष्ट, संस्थेला रुग्णालय आहे काय? किती खाटांचे? बालरोग, मनोरुग्ण आणि प्रसूती विभागांत मुलींना प्रत्यक्ष काम मिळते काय? परदेशातील परिषद केवळ गुण पाहत नाही. कोणत्या विषयाचे वर्गात किती तास झाले आणि रुग्णालयात किती, याचा तपशील ती मागते. काही ठिकाणी हे तास कागदावर पूर्ण होतात आणि मुलगी मात्र रुग्णाला हात न लावता उत्तीर्ण होते. अशा मुलीचा कागद सीमा ओलांडील, पण पहिल्याच प्रात्यक्षिकात तिचा हात थरथरेल.

एकाच मुलीची तीन नावे

तिसरी अडचण ऐकून आपल्याला हसू येईल. परंतु तिच्यापायी रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलीचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पदवीच्या कागदावर क्रम निराळा, पारपत्रावर आणखी निराळा. लग्न झाले की वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते आणि काही घरांत हौसेने मुलीचे पहिले नावही बदलतात. मग परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने, अनुभवाचे पत्र सासरच्या नावाने आणि पारपत्र तिसऱ्याच क्रमाने, असा प्रकार होतो. परक्या देशातील कारकुनाला आपली चालरीत ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने या तीन निरनिराळ्या स्त्रिया असतात.

आपल्या गावाचे नावही इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. 'व' साठी कोणी 'व्ही' वापरतो, कोणी 'डब्ल्यू'. आडनावांचे तसेच. आमच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांतील मुलींच्या बाबतीत शाळेत गुरुजींनी लिहिलेली जन्मतारीख आणि ग्रामपंचायतीतील नोंद यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. ही दुरुस्ती दहावीच्या आधी शाळेत करणे सोपे असते. पुढे तिच्यासाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील प्रसिद्धी आणि कचेऱ्यांचे हेलपाटे वाट्याला येतात, आणि तोवर हाती आलेली नोकरी दुसरीकडे गेलेली असते. माता-पित्यांनी एवढे केले तरी पुरे: मुलीचे नाव, त्यांचा क्रम, स्पेलिंग आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एक ठेवा. लग्नानंतर नाव बदलायचेच असेल, तर पारपत्रापासून परिषदेपर्यंत सर्वत्र बदला. अन्यथा कोठेच बदलू नका.

त्यातच आणखी एक सावधगिरी सांगते. काही खासगी रुग्णालये नोकरी देताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात आणि नोकरी सोडताना ती अडवून धरतात. सांक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाच्याही कपाटात जाऊ देऊ नये. नोकरी सोडाल तेव्हा विभागाचे नाव, पद आणि तारखा लिहिलेले अनुभवपत्र त्याच दिवशी मागून घ्या. पाच वर्षांनी ते रुग्णालय तेथे असेलच असे नाही.

भाषा ही औषधाइतकी महत्त्वाची

मराठी माध्यमात शिकल्यामुळे आपल्या मुली इंग्रजीत मागे पडतात, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पूर्ण मान्य नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुली जीएनएमची इंग्रजी पाठ्यपुस्तके वाचतात आणि उत्तमपैकी समजून घेतात. उणीव असते ती ऐकण्याची आणि बोलण्याची. ब्रिटनच्या नोंदणीसाठी 'आयईएलटीएस' परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ७, तर लेखनात ६.५ गुणांकन लागते. 'ओईटी' नावाची दुसरी परीक्षा आरोग्य क्षेत्रासाठीच आहे. तिच्यात रुग्णाच्या टिपणांवरून पत्र लिहावयाचे असते. म्हणजे आपण येथे रुग्णाला पुढच्या रुग्णालयात धाडताना जे लिहितो तेच, पण नेमक्या शब्दांत आणि ठराविक वेळात.

या गुणांकनाची मुदत सामान्यतः दोन वर्षे धरली जाते. इकडे कागद जुळवेपर्यंत तिकडे भाषेच्या परीक्षेची मुदत संपते, पुन्हा शुल्क, पुन्हा परीक्षा, या चक्रात कित्येक जणी थकून जातात. त्यासाठी कागद आधी आणि परीक्षा नंतर, हा क्रम पाळावा. जर्मनीसाठी तर सर्वस्वी नवी भाषा शिकावी लागते. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा पायऱ्या आहेत आणि परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-२ पर्यंत जावे लागते. तीन महिन्यांत जर्मन शिकविण्याची हमी देणाऱ्या वर्गावर विश्वास ठेवू नका. रोज नेमाने शिकले तरी वर्षभराचे काम आहे.

हे कठोर वाटेल. परंतु मध्यरात्री दूरध्वनीवर डॉक्टरांनी औषधाची मात्रा सांगितली आणि ती ऐकण्यात एका शून्याची चूक झाली, तर काय होईल, याचा विचार करा. परिचारिकेसाठी भाषा हा अलंकार नाही, ती औषधाइतकीच जपून वापरायची वस्तू आहे.

मुकाट्याने काम करण्याची सवय

येथे उत्तम काम करणाऱ्या परिचारिका ब्रिटनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कधीकधी अनुत्तीर्ण होतात, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपली परिचारिका मुकाट्याने काम करते. साठ रुग्णांच्या कक्षात दोघी असल्या की बोलण्यास उसंत कोठून असणार? ती येते, सुई टोचते, पुढच्या खाटेकडे वळते. तेथे मात्र प्रत्येक कृती बोलून करावी लागते. आधी स्वतःचे नाव सांगायचे, रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख विचारायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची, कोणत्या औषधाचे वावडे आहे का ते विचारायचे, काय करणार ते समजावून द्यायचे आणि त्याची संमती घ्यायची. यांतील एखादी महत्त्वाची गोष्ट राहिली, तर पुढे कितीही कुशल हाताने इंजेक्शन दिले तरी ते व्यर्थ ठरते.

याच्या उलट दुसरा धक्का बसतो. आपल्याकडे रुग्णाला न्हाऊ घालणे, भरविणे, कूस बदलणे हे बहुधा नातेवाईक करतात किंवा आया-मावशी करतात. युरोपात आणि विशेषतः जर्मनीत ही कामे परिचारिकेचीच समजली जातात. पदवी घेऊन गेलेल्या मुलीला वाटते, "मी यासाठी चार वर्षे शिकले काय?" पूर्वकल्पना नसली की मन खचते. वास्तविक रुग्णाचे अंग पुसताना त्याच्या पाठीवरची सुरू होणारी जखम जिच्या लक्षात येते, तीच खरी परिचारिका. हा संस्कार आपण येथेच दिला असता, तर तेथे धक्का बसला नसता आणि आपल्या रुग्णांचेही भले झाले असते.

आर्थिक बाजूही झाकून ठेवू नये. नोंदणी होईपर्यंत खालच्या श्रेणीचे वेतन मिळते. नोंदणीनंतरही येथील पंधरा वर्षांचा अनुभव पुष्कळदा जमेस न धरता पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. घरभाडे, थंडीचे कपडे, मुलांना सांभाळणारे कोणी नसणे, हे सर्व त्याच वेतनातून भागवायचे असते. पगाराचा आकडा रुपयांत सांगणारा गृहस्थ तेथील खर्चही रुपयांत सांगतो काय, हे विचारून पाहा.

शेत गहाण टाकण्यापूर्वी

बंधूंनो, हा भाग मी विशेषतः आपल्यासाठी बोलत आहे, कारण कर्जाच्या कागदावर सही आपली असते.

कुवेतमधील नोकऱ्यांसाठी १९,५०० रुपये शुल्क घेण्याची अनुमती असताना प्रत्येक परिचारिकेकडून १९ लाख ५० हजार रुपये घेतल्याच्या आरोपावरून २०१५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने कोची येथे गुन्हा नोंदविला. त्यात एका भरती संस्थेबरोबर स्थलांतरितांच्या रक्षणासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचेही नाव होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने आखाती देशांसह १८ देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा निर्णय घेतला. केरळजवळ अशा संस्था आधीपासूनच होत्या. तेथील 'ओडेपेक' ही संस्था १९७७ ची आहे. महाराष्ट्राने या बाबतीत फार उशिरा डोळे उघडले.

कर्ज काय करते, हे जगाने २०१४ मध्ये पाहिले. इराकमधील तिक्रित येथील रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका दहशतवाद्यांच्या तावडीत सापडल्या. त्यांतील बहुतेक जणी केरळच्या होत्या. भारत सरकारच्या प्रयत्नांनी त्या ५ जुलै २०१४ रोजी कोचीला सुखरूप परतल्या, हा आपल्या परराष्ट्र खात्याच्या कार्यातील अभिमानाचा दिवस होय. परंतु युद्ध दाराशी येऊनही त्यांच्यापैकी काही जणी परतण्यास का कचरत होत्या, हेही त्या वेळी समोर आले. घरी कर्ज होते आणि वेतन थकले होते. तोफांपेक्षा सावकाराचे भय मोठे ठरावे, यासारखी शोकांतिका नाही.

म्हणून काही नियम मनात पक्के करा. भारत सरकारकडे नोंदणी असलेला भरती प्रतिनिधी विद्यमान नियमांनुसार अधिकात अधिक ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच शुल्क घेऊ शकतो. त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेत तपासता येतो. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार भरती संस्थेने परिचारिकेकडून नोकरीसाठी पैसे घ्यावयाचे नसतात. जर्मनीतही योग्य भरतीसाठी शासनमान्य चिन्ह असून खर्च मालकाने करावा, असे त्याचे तत्त्व आहे. जेथे परिचारिकेची खरी गरज आहे, तेथे रुग्णालय खर्च करते. जो मुलीकडे लाखांची मागणी करतो, त्याचा धंदा मुलगी हाच असतो. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन मग नोकरी मिळवून देतो, असे कोणी म्हणाले तर तेथूनच उठून या. करारपत्र निघण्यापूर्वी हातात घ्या, समजत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. मुदतीआधी नोकरी सोडल्यास खर्च परत मागणारे कलम त्यात आहे काय, ते पाहा. आणि तेथे पोचल्यावर पारपत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये.

भरती आणि ओहोटी

समुद्रकिनाऱ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. परदेशातील मागणीचेही तसेच आहे. या शतकाच्या आरंभी ब्रिटनने जगभरातून परिचारिका नेल्या. २००६ मध्ये सामान्य परिचारिकांची पदे टंचाईच्या यादीतून काढली आणि अनेक भारतीय मुली अर्ध्या वाटेवर राहिल्या. २०१५ मध्ये ती पदे पुन्हा यादीत आली. २०२२ मध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या साहाय्यकांसाठी दार उघडले. त्यातून आपल्या कित्येक शिक्षित परिचारिका साहाय्यक म्हणून गेल्या आणि काहींची तेथे मोठी फसवणूक झाली. जुलै २०२५ मध्ये नव्या परदेशी उमेदवारांसाठी ते दारही बंद झाले. ज्यांनी भरती पाहून नाव विकत घेतली, त्यांना ओहोटीचा चिखल तुडवावा लागला. परक्या सरकारच्या एका परिपत्रकावर आपल्या घराचे सर्वस्व पणाला लावू नये, एवढाच याचा बोध आहे.

आपण त्यांना काय देतो?

येथवर मी मुलींना आणि पालकांना सांगितले. आता समाज म्हणून स्वतःकडेही पाहिले पाहिजे. या मुली जाऊ का इच्छितात?

परिचर्येला आपण अनेक वर्षे हलके मानले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे हे 'चांगल्या घरच्या' मुलीचे काम नव्हे, असे आपल्या घरांत बोलले जाई. रमाबाई रानडे यांनी या समजुतीला तोंड दिले. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून त्यांनी मुलींना आणि विधवा भगिनींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडले आणि त्यासाठी लोकनिंदाही सोसली. आज निंदा थांबली आहे, परंतु मान आणि मोल अजून पुरते मिळालेले नाही. लग्नाच्या स्थळात 'नर्स आहे, पाळ्या असतात' म्हणून नाक मुरडणारी घरे आजही आहेत.

आणि वेतन? परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार केंद्र सरकारने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २० हजार रुपयांहून कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी तिची शिफारस होती. आपल्या ओळखीच्या किती रुग्णालयांत ती पाळली जाते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे. 'सेवा' हा आपला आवडता शब्द आहे. परंतु सेवेचे नाव पुढे करून श्रमाचे मोल बुडविणे ही सेवेची विटंबना आहे. मुलीला येथे सन्मानाने जगण्यापुरते मिळत नसेल, तर तिच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मे २०२० मध्ये महामारीच्या ऐन भरात महाराष्ट्राने केरळकडे मुंबईसाठी ५० तज्ज्ञ डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या. देशातील सर्वांत संपन्न म्हणविणाऱ्या राज्यावर ही वेळ आली. केरळच्या मुली जगभर जातात आणि तरीही संकटात आपण त्यांच्याकडे पाहतो, कारण तेथील समाजाने या व्यवसायाला घरात जागा दिली. आपण ती द्यावयाची अजून बाकी आहे.

करण्यासारखे काय?

विद्यार्थिनींनो, जायचे की राहायचे, हा निर्णय तुमचा आणि तुमच्या कुटुंबाचा आहे. मी कोणाला रोखणार नाही आणि ढकलणारही नाही. परंतु मान्यताप्राप्त संस्थेतील शिक्षण, निर्दोष कागद, एक परकी भाषा आणि रुग्णाशी बोलत काम करण्याची सवय ही चार साधने दोन्ही वाटांवर उपयोगी पडतात. त्यांच्या बळावर गेलेली मुलगी तेथे ताठ मानेने उभी राहील, आणि राहिलेली मुलगी येथील ग्रामीण रुग्णालयाचे रूप पालटेल. कर्जाच्या बळावर गेलेली मुलगी मात्र कोठेच मोकळी नसते.

कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपण वह्या-पुस्तके वाटतो, आरोग्य शिबिरे घेतो. त्याच्या जोडीला एवढे काम हाती घ्या. प्रत्येक शाळेत दहावीपूर्वी मुलींच्या नावांची आणि जन्मतारखांची तपासणी करा. प्रवेशाच्या दिवसांत संस्थांची मान्यता पाहून पालकांना सांगणारा एक जाणकार माणूस येथे बसवा. आठवड्यातून दोन दिवस इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवा. त्यासाठी निवृत्त शिक्षक मिळतील, माझ्यासारख्या निवृत्त परिचारिकाही मिळतील. कोणी परदेशी नोकरीचा कागद घेऊन आला, तर त्याचा नोंदणी क्रमांक तपासून द्या. या कामाला फारसा पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

आणि गावातली एखादी मुलगी रात्रपाळी करून पहाटेच्या एसटीने परतताना दिसली, तर तिला कोठून आलीस, असे संशयाने विचारू नका. कोणाचा तरी जीव राखून ती आलेली असते.